झाकणभर पाण्याचा बाप्तिस्मा

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम.

तुमचे पत्र आठ पानांचे आहे आणि त्यातला बराचसा मजकूर खाजगी आहे, म्हणून वाचकांना विषय कळण्यापुरतेच त्यातले येथे सांगतो. तुम्ही वानवडीला राहता. तुमचे माहेर गुरुवार पेठेतले, पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाशी तीन पिढ्या जोडलेले, आणि तुमचा स्वतःचा बाप्तिस्मा तुम्ही दीड महिन्याच्या असताना झाला. तुमच्या यजमानांचा जन्म हिंदू घरातला. चोविसाव्या वर्षी त्यांनी पूर्ण विचारांती प्रभूवर विश्वास ठेवला, खडकवासल्याच्या पुढे नदीत उभे राहून बुडवून बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर दोन वर्षे त्यांच्या वडिलांनी त्यांच्याशी बोलणे टाकले होते. तुमचा मुलगा आता नऊ महिन्यांचा आहे. सातव्या महिन्यातच जन्मल्यामुळे त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागले होते, वजन चौदाशे ग्रॅम होते, आणि चौथ्या रात्री डॉक्टरांनी सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही असे सांगितले होते. त्या रात्री पाच मिनिटांसाठी आत सोडलेल्या तुमच्या आईने पिशवीतल्या बाटलीचे झाकण पाण्याने भरले, पेटीच्या गोल झरोक्यातून हात आत घातला, आणि बाळाच्या डोक्यावर तीन वेळा थोडे थोडे पाणी ओतून म्हटले, “बाळा, मी तुझा बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने करते.” मग रुमालाने डोके टिपून त्या बाहेर आल्या आणि आठ महिने कोणाला काही बोलल्या नाहीत. गेल्या महिन्यात नाताळाआधी देवळात बाप्तिस्मा करावा असा विषय घरात निघाला, तेव्हा त्यांना रडू कोसळले आणि त्यांनी सारे सांगून टाकले.

आता तुमचे यजमान दुखावले आहेत; त्यांच्या मते तो बाप्तिस्मा नव्हेच, आणि मुलगा मोठा होऊन स्वतः मागेल तेव्हाच तो व्हावा. तुमच्या सासूबाई विचारतात, बारसे झाले आहे, नाव ठेवले आहे, मग हे पुन्हा कशाला? आणि तुम्ही मला विचारता: आईने केले तो बाप्तिस्मा आहे का, तान्ह्याला त्यातले काही कळत नसताना त्याचा अर्थ काय, आणि, हे वाक्य तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, वेगळ्या शाईत लिहिले आहे, त्या रात्री तो गेला असता आणि आईने पाणी घातले नसते तर काय झाले असते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर अवलंबून आहे. माझ्या समजुतीप्रमाणे तो बाप्तिस्मा आहे.

तुमच्या माहेरच्या मंडळीला (चर्चला) ज्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेचा वारसा आहे, तिच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात घरी, घाईने झालेल्या बाप्तिस्म्यासाठी एक स्वतंत्र विधीच दिलेला आहे. मूल जगले आणि पुढे देवळात आणले गेले, तर पाळकाने आणणाऱ्यांना विचारावे: या मुलाचा बाप्तिस्मा कोणी केला? त्या वेळी कोण हजर होते? कशाने केला? कोणत्या शब्दांनी केला? शेवटच्या दोन प्रश्नांच्या आधी त्या पुस्तकाने कारणही दिले आहे, की अशा संकटाच्या वेळी भीतीमुळे किंवा घाईमुळे एखादी आवश्यक गोष्ट राहून गेलेली असू शकते. पस्तीस वर्षे पाळक म्हणून काम करताना मला त्या पुस्तकातली ही ओळ विशेष जवळची वाटत आली आहे. ज्याने ती लिहिली त्याला मरणाच्या दारातले घर माहीत होते, आणि अशा घरातल्या माणसाचे हात थरथरतात हेही माहीत होते. पाणी होते आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याचे नाव होते, एवढे कळले की पाळकाने मंडळीसमोर सांगायचे, या मुलाच्या बाबतीत सर्व काही यथायोग्य झाले आहे. नेमके काय घडले ते कळतच नसेल, तर ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ अशी अट घालून विधी करायचा. रोमन कॅथलिक मंडळी तर म्हणते की मरणाचा धोका असताना पाळक नसेल तर कोणीही, अगदी स्वतः बाप्तिस्मा न झालेल्या परिचारिकेनेही, मंडळीचा जो हेतू तोच मनात धरून हा विधी केला तर तो खरा धरावा.

तुमच्या आईने पाणी ओतले, ते डोक्यावरून वाहिले. नुसते ओले बोट टेकवले असते तर शंकेला जागा राहिली असती. त्यांनी शब्द पूर्ण उच्चारले. मुलाचे नाव तेव्हा ठरलेले नव्हते म्हणून ‘बाळा’ म्हटले, याने काहीही बिघडत नाही. इतर परिस्थितीत मी त्यांना दोन गोष्टी मात्र सांगितल्या असत्या. एवढ्या नाजूक बाळाच्या पेटीत हात घालण्याआधी परिचारिकेला विचारायला हवे होते; तिने नकार दिला असता असे मला वाटत नाही, निर्जंतुक पाण्याचे चार थेंब तिने स्वतः आणून दिले असते. आणि ही गोष्ट तुम्हा दोघांना दुसऱ्या दिवशीच सांगायला हवी होती. आठ महिन्यांच्या मौनाने जावयाच्या मनात जी अढी बसली आहे, ती पाण्यामुळे बसलेली नाही.

आता अर्थाकडे येतो. बाप्तिस्मा हा शब्द आपण मराठीत जसाच्या तसा उचलला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणे, आणि कापड रंगात बुडवण्यासाठीही त्या भाषेत त्याच कुळातला शब्द होता. आपण ज्याला पवित्र पाणी म्हणून हळुवारपणे हात लावतो, ते पाणी शास्त्रात आधी धाकाचे आहे. जलप्रलय आहे, मिसरच्या राजाचे, फारोचे, सैन्य गिळणारा तांबडा समुद्र आहे. १९६१ साली पानशेत फुटल्यावर पेठांत शिरलेले पाणी ज्यांनी पाहिले, त्या पुणेकरांना पाणी म्हणजे मरण हे समजावून सांगावे लागत नाही. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात नेमके हेच धरतो: ख्रिस्तात आपला बाप्तिस्मा झाला तेव्हा आपण त्याच्या मरणात बुडवलो गेलो, त्याच्याबरोबर पुरले गेलो, आणि तो जसा मेलेल्यांतून उठवला गेला तसे आपणही नव्या जीवनात चालावे. म्हणजे बाप्तिस्मा हे धुणे आहे, पण त्याआधी ते पुरणे आहे. ख्रिस्ताचे मरण माझ्या नावावर मांडले जाते आणि त्याचे उठणेही. मी पाण्यातून वर येतो तो त्याच्या मालकीचा होऊन, आणि त्याच्या मंडळीचा अवयव होऊन.

तुमच्या यजमानांना हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार, कारण त्यांना ते भोगावे लागले. नदीतून वर आल्यावर त्यांचा बाप त्यांच्याशी बोलेनासा झाला. ज्या माणसाने इतके मोजून बाप्तिस्मा घेतला, त्याला आपल्या मुलाच्या डोक्यावरचे झाकणभर पाणी आणि आपली नदी एकच आहेत असे कोणी सांगितले, तर ते झोंबणारच. त्यांचा राग श्रद्धेच्या हलकेपणातून आलेला नाही. तो बाप्तिस्म्याला फार मोठे मानण्यातून आला आहे, आणि तुम्ही त्यांच्याशी बोलाल तेव्हा ही गोष्ट आधी बोलून दाखवावी.

त्यांची बाजू शास्त्रातही दुबळी नाही. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा झाल्याचा एकही स्पष्ट उल्लेख सापडत नाही. पेत्र म्हणतो, पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या; इथिओपियाच्या अधिकाऱ्याला फिलिप्प आधी सुवार्ता सांगतो, मग दोघे पाण्यात उतरतात. आरंभीच्या मंडळीतली जी छोटी शिकवणपुस्तिका आपल्यापर्यंत पोहोचली आहे, ती बाप्तिस्म्याआधी घेणाऱ्याने उपास करावा असे सांगते, आणि उपास तान्हे मूल करत नाही. इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने तर उघड लिहिले, की लहान मुलांची घाई कशाला, ती वाढू द्या, शिकू द्या, ख्रिस्ताला ओळखू लागली की येऊ द्या. सोळाव्या शतकात २१ जानेवारी १५२५ रोजी झ्युरिकमधल्या काही मंडळींनी एकमेकांचा प्रौढपणी बाप्तिस्मा केला, आणि दोन वर्षांच्या आत त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ याला त्याच शहराच्या प्रोटेस्टंट सत्ताधाऱ्यांनी नदीत बुडवून मारले. लहान मुलांच्या बाप्तिस्म्याच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्याने हे आधी कबूल केले पाहिजे, की आमच्या बाजूच्या माणसांनी एके काळी पाण्याचा असा उपयोग केला. त्याची लाज वाटते.

तरीही मी बालकांच्या बाप्तिस्म्याच्याच बाजूचा आहे, आणि त्याची कारणे सांगतो.

तुमच्या आईचे तीन वेळा ओतणे आधी घेऊ. वर उल्लेखिलेली पुस्तिका म्हणते, वाहत्या पाण्यात करावा. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. गार पाणी चालत नसेल तर कोमट. आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. बुडवणे की ओतणे या वादात जन्म घालवणाऱ्यांनी हे वाचावे. प्रेषितांच्या नंतर लगेचच्या काळातली मंडळी नदी पसंत करत होती, आणि नदी नसली तर कोणाला परत पाठवत नव्हती.

तान्ह्यांचा प्रश्न याहून खोल आहे. नव्या करारात घरेच्या घरे बाप्तिस्मा घेताना दिसतात: लुदियाचे घर, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचे घर, आणि करिंथात स्तेफनाचे घर. त्या घरांत पाळणा होता की नव्हता हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही, म्हणून मी त्यावर फार भार देत नाही. मला अधिक बोलकी वाटते ती करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातली जागा. तेथे पौल म्हणतो, आपले सर्व पूर्वज समुद्रातून पार गेले आणि त्या सर्वांचा मेघात व समुद्रात बाप्तिस्मा झाला. सर्व. मिसरातून निघालेल्या त्या बायांच्या कडेवर पोरे होती. त्यांतल्या एकालाही फारो कोण आणि सोडवून नेणारा मोशे कोण हे ठाऊक नव्हते. कित्येक जण झोपेतच पलीकडे पोहोचले असतील. पण ते पलीकडे पोहोचले, आणि पुढे मोठे झाल्यावर दरवर्षी वल्हांडणाला, म्हणजे त्या सुटकेच्या सणाला, बापाने सांगितलेली गोष्ट ऐकताना ते ‘आम्हांला बाहेर काढले’ असेच म्हणत असणार.

दुसरी जागा मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली. चौघांनी छप्पर उघडून पक्षाघाती मनुष्याला खाली सोडले, आणि शुभवर्तमान सांगते की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. बाजेवर पडलेला काय मानत होता हे तेथे विचारलेलेच नाही. कोणाला तरी दुसऱ्याने उचलून प्रभूजवळ न्यावे आणि प्रभूने त्या नेणाऱ्यांचा विश्वास पाहून त्याला जवळ करावे, हे त्याच्या रीतीला सोडून नाही. लोक लहान मुलांना त्याच्याकडे आणत होते तेव्हाही शिष्यांनीच अडवले. लूक तर तेथे तान्ही बाळे असाच शब्द वापरतो. प्रभू रागावला, आणि त्याने त्यांना कवेत घेतले. तो प्रसंग बाप्तिस्म्याचा नव्हता हे मला मान्य आहे. पण कळत नाही म्हणून अडवण्याची सवय कोणाची होती, ते तेथे दिसते.

मूळ मुद्दा असा की बाप्तिस्म्यात आधी बोलणारा देव असतो. आपण उत्तर देतो, आणि ते उत्तर आयुष्यभर पुरते. पन्नाशीतला विद्वान पाण्यात उतरला तरी देवाच्या कृपेतले त्याला किती कळलेले असते? तुमच्या यजमानांना चोविसाव्या वर्षी जेवढे कळले, त्याहून आज अधिक कळत असेल, आणि तरी त्यांना पुन्हा नदीत उतरावे लागत नाही, कारण तेव्हा त्यांच्या समजुतीवर काही टेकलेले नव्हते. त्यांचे उत्तर लगेच आले, तुमचे वर्गात बसून, दृढीकरणाच्या (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या) दिवशी, चौदाव्या-पंधराव्या वर्षी आले. देवाचे बोलणे दोघांच्या बाबतीत एकच होते.

उत्तर मात्र यायला हवे. येथे मी माझ्या बाजूच्या लोकांवर कठोर होतो. बालकांचा बाप्तिस्मा आपल्याकडे पुष्कळ घरांत बारशाच्या जागी येऊन बसला आहे: पांढरा झगा, केक, फोटो आणि हॉल. काही ठिकाणी तो शाळेच्या प्रवेशासाठी लागणारा दाखला झाला आहे. माझ्या सेवेच्या आरंभीच्या काळात एक जोडपे जून महिन्याच्या तोंडावर आले, मुलगा साडेतीन वर्षांचा, आणि त्यांना दाखला आठ दिवसांत हवा होता. मी बाप्तिस्मा केला. आईने वचने वाचली तेव्हा तिचा अंगठा छापील ओळींवरून सरकत होता आणि वडील मागे वळून फोटो काढणाऱ्याला खूण करत होते. ते कुटुंब पुन्हा देवळात दिसले नाही. मी नाही म्हणायला हवे होते. निदान थांबा, चार रविवार या, असे म्हणायला हवे होते. पाण्यात काही खोट नव्हती, त्या मुलाचा बाप्तिस्मा खराच झाला. पण ज्याला उत्तर द्यायला कोणी शिकवणार नाही अशा मुलावर मी देवाचे बोलणे ठेवले, आणि ती माझी चूक होती. असा बाप्तिस्मा पाहूनच तुमच्या यजमानांसारखे लोक लहानांचा बाप्तिस्मा नको म्हणतात, आणि त्यांचे चुकत नाही.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. बारशाने नाव ठेवले, ते झाले, आणि तेच नाव राहील. बाप्तिस्म्यात नाव घेतले जाते, ठेवले जात नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. पुष्कळ हिंदू आप्तांच्या मनात धास्ती असते की आता नातवाचे नाव बदलणार आणि तो आपला राहणार नाही.

हा मतभेद तुमच्या घरात नव्याने जन्मलेला नाही, हेही तुम्हांला कळावे. १८१२ साली अमेरिकेतल्या एकाच मिशनने पाच तरुण मिशनरी हिंदुस्थानकडे पाठवले. त्यांतल्या अदोनिराम जडसनने प्रवासात शास्त्र काढून लहानांच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न अभ्यासला, कारण कलकत्त्यात आपली गाठ बॅप्टिस्ट, म्हणजे प्रौढांचाच बाप्तिस्मा मानणाऱ्या पंथातल्या, विल्यम केरीच्या सोबत्यांशी पडणार हे त्याला माहीत होते. आणि कलकत्त्यास पोहोचल्यावर त्याचे मत फिरून त्याने स्वतः बुडवून बाप्तिस्मा घेतला. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले, लहानांना बाप्तिस्मा देत राहिले, आणि आपल्या मराठी मुलखातले अमेरिकन मिशन त्यांच्यापासून सुरू झाले. एकच शिक्षण, एकच शास्त्र, एकच वर्ष. दोघांनाही मी देवाची माणसे मानतो.

आणि १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढणाऱ्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शब्द न् शब्द पारखून घेणारी ती विदुषी एकटी नव्हती. तिच्या अडीच वर्षांच्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा तिच्याबरोबरच झाला. पुढे मुलीच्या धर्मशिक्षणावरून रमाबाईंनी तिथल्या मठवासी भगिनींशी पत्रांतून खूप वाद घातला. माझ्या मते तेच आईचे उत्तर होते. मुलीला पाण्याशी नेले, आणि तिच्या श्रद्धेची जबाबदारी दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवायला नकार दिला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिच्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल होते, मेथडिस्ट होते, आणि प्रौढ बाप्तिस्माच मानणारे बॅप्टिस्ट व ब्रदरनही होते. त्यांनी एकमेकांना हरवले नाही. बालकाचा बाप्तिस्मा आणि मग दृढीकरण, किंवा बालकाचे अर्पण (पाण्याविना, प्रार्थनेने देवाच्या हाती सोपवणे) आणि मग विश्वासाच्या कबुलीवर बाप्तिस्मा, हे दोन्ही मार्ग त्या मंडळीत मान्य केले गेले. म्हणजे ज्या मंडळीत तुमचे माहेर आहे, तिच्यात तुमच्या यजमानांच्या मताला पन्नासहून अधिक वर्षे जागा आहे. जे कोणी मान्य केले नाही, ते एकाच माणसाचा दोनदा बाप्तिस्मा करणे. पौल इफिसकरांस सांगतो, एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा.

आता ती वेगळ्या शाईतली ओळ.

आईने पाणी घातले नसते आणि तो गेला असता, तरी तो प्रभूच्या हातांतून निसटला नसता. हे मी सांत्वनासाठी लिहीत नाही, मी ते खरे मानतो. आरंभीच्या मंडळीतला थोर धर्मगुरू ऑगस्टीन याने बाप्तिस्मा न झालेल्या बालकांविषयी फार कठीण शिकवण दिली आणि तिच्या सावलीत शेकडो वर्षे आया रडल्या. पण सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन यानेच, जो लहानांच्या बाप्तिस्म्याचा कडवा पुरस्कर्ता होता, घाबरून घरोघरी होणाऱ्या बाप्तिस्म्यांना विरोध केला, तो याच कारणाने: विश्वासणाऱ्यांच्या मुलांना देवाचे वचन जन्माआधीच लागू आहे, पाणी उशिरा आले म्हणून ते मोडत नाही. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मज्ञांच्या आयोगानेही अशा बालकांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे असे म्हटले. आणि येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या, ज्याला त्याने सुखलोकाचे वचन दिले त्या चोराला कोणी पाणी घातले होते? एकदा मी इस्पितळाच्या जिन्यात असतानाच वर एक मूल गेले. आईने मला पाहून पहिला शब्द उच्चारला तो “उशीर झाला” हा. मी तिच्याजवळ फरशीवर बसलो आणि मार्काचा दहावा अध्याय, प्रभूने मुलांना कवेत घेतल्याचा, वाचला, दुसरे काही माझ्याजवळ नव्हते. मंडळीने देवाच्या आज्ञेने बाप्तिस्मा द्यायचा असतो. देव स्वतः त्या विधीने बांधला गेलेला नाही.

मग तुमच्या आईचे पाणी व्यर्थ गेले का? मुळीच नाही. ऑगस्टीन लहानपणी पोटाच्या दुखण्याने मरणाला टेकला तेव्हा त्याने बाप्तिस्मा मागितला. त्याच्या आईने, मोनिकेने, तयारी केली. तो बरा झाला आणि विधी पुढे ढकलला गेला, तो ३८७ च्या ईस्टरपर्यंत. आपल्या आठवणींत त्याने त्याची खंत लिहिली आहे: बाप्तिस्मा झालेला नाही, काय हवे ते करू द्या, असे लोक त्याच्याबद्दल म्हणत असत. तुमच्या आईला त्या रात्री दुसरे काही करता येत नव्हते. डॉक्टरांच्या हाती औषध होते, तुम्ही बेशुद्ध होता, यजमान खाली पैसे भरण्याच्या रांगेत होते. तिने आपल्याजवळ होते ते सर्वांत मोठे नाव त्या बाळावर घेतले.

आता काय करावे ते सांगतो. आईला एका कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगा: तारीख, वेळ, पाणी कसे घेतले, कोणते शब्द म्हटले. तो कागद घेऊन तुम्ही तिघांनी पाळकांना भेटा. यजमानांना वगळून नोंद करून टाकू, त्यांना पुढे कळेल, असा सल्ला तुम्हांला माहेरचे कोणी देईल. तो ऐकू नका, आठ महिन्यांचे मौन एकदा पुरे झाले. भेटीआधी आईने जावयाला म्हणावे, मी तुम्हांला विचारायला हवे होते. एवढेच, पाण्याबद्दल माफी मागायला मी तिला सांगणार नाही.

देवळात नव्याने बाप्तिस्मा होणार नाही, झालेल्याचा स्वीकार होईल. पाळक विचारतील, आजी उत्तर देईल, क्रूसाची खूण होईल, आणि तुम्ही दोघे वचन द्याल. यजमानांनी त्या वेळी हा बाप्तिस्मा पूर्ण आहे असे तोंडाने म्हणावे, अशी सक्ती करू नका. मुलाला प्रभूच्या भयात वाढवीन, त्याला प्रार्थना शिकवीन, हे वचन ते मनापासून देऊ शकतात, कारण ते त्यांचे आधीपासूनचे व्रत आहे. तेवढेही त्यांना आज जड जात असेल, तर नाताळ जाऊ द्या. थांबल्याने मुलाचे काही हरवणार नाही. अर्पणविधी आता करून पुढे गुपचूप पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा, ही तडजोड मात्र नको, ती दोन्ही बाजूंना खोटी आहे.

मुलगा मोठा होऊन दृढीकरणाच्या वर्गात बसेल तेव्हा त्याला वडिलांनी नदीवर न्यावे, आपण कोठे उभे होतो ते दाखवावे, घरी परतल्यावर काय घडले तेही सांगावे. पाण्यात काय कबूल केले जाते ते या मुलाला बापाइतके नीट दुसरा कोणी सांगू शकणार नाही.

सासू-सासऱ्यांना त्या रविवारी बोलवा आणि पुढच्या बाकावर बसवा. बाळाच्या कपाळावर त्यांनी तीट लावली असेल तर पुसत बसू नका. माझ्या हाताखालून कितीतरी तिटा पाण्याबरोबर ओघळल्या आहेत. पाळकांनी नोंदवही उघडली की तारीख त्या चौथ्या रात्रीचीच घालायला सांगा, देवळातल्या रविवारची नव्हे, आणि बाप्तिस्मा कोणी केला या रकान्यात आजीचे पूर्ण नाव लिहून घ्या.

आपला बंधू,
एक निवृत्त पाळक, पुणे